एका डॉलरचं वय

सिंगापूरमधल्या एका सर्वसाधारण सरकारी फ्लॅटचं गणित मांडू. किंमत समजा ५ लाख ३३ हजार सिंगापूर डॉलर. हा फ्लॅट कायमचा मिळत नाही, ९९ वर्षांच्या पट्ट्यावर मिळतो. ९९ वर्षं म्हणजे साधारण ३६,१६० दिवस. किमतीला दिवसांनी भागलं की त्या घरातल्या एका दिवसाची किंमत निघते १४ डॉलर ७४ सेंट.

आता त्याच घरावरचं कर्ज पाहा. सिंगापूरचं गृहनिर्माण मंडळ, म्हणजे एचडीबी, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देतं. इथे ते धरू ४ लाख डॉलर, व्याज वर्षाला २.६ टक्के, मुदत २५ वर्षं. पहिल्या दिवसाचं व्याज होतं २८ डॉलर ४९ सेंट. घरातल्या दिवसाची किंमत पंधरा डॉलरच्या आत, आणि घरासाठी उसन्या घेतलेल्या पैशाचं त्याच दिवसाचं व्याज जवळजवळ दुप्पट. तासाला १ डॉलर १९ सेंट. माणूस ऑफिसात असो, गाढ झोपेत असो की गणपतीला पुण्याला आलेला असो, हा आकडा चालूच राहतो. दर महिन्याला न चुकता हप्ता भरला, तरी रोजचं व्याज त्या १४ डॉलर ७४ सेंटच्या खाली यायला १४ वर्षं लागतात.

आणि हे २.६ टक्क्यांचं कर्ज. पुण्या-मुंबईत आठ-नऊ टक्क्यांनी हप्ते भरणाऱ्याला हा दर ऐकून हेवा वाटेल, आणि वाटायलाच हवा. सिंगापूर निवडण्याचं कारणही तेच. कर्ज इतकं स्वस्त असताना ते मुदतीआधी फेडण्यात काही अर्थ उरतो का, हे इथे स्वच्छ तपासता येतं. महागड्या कर्जाबद्दल उत्तर सोपं असतं.

या स्वस्त कर्जामागे मोठा इतिहास आहे. ब्रिटिशांच्या काळातल्या सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ३२ वर्षांत सुमारे २३ हजार घरं बांधली होती. १ फेब्रुवारी १९६० रोजी एचडीबी स्थापन झालं आणि पुढच्या तीन वर्षांच्या आतच त्याने जवळजवळ तेवढी घरं उभी केली. २५ मे १९६१ ला बुकित हो स्वी इथल्या झोपडवस्तीला लागलेल्या आगीत सुमारे १६ हजार माणसं एका दिवसात बेघर झाली. त्यानंतर बांधकामाचा वेग आणखी वाढला. १९६४ मध्ये घरं विकायला सुरुवात झाली, तेव्हा क्वीन्सटाउनमधल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटची किंमत होती ६,२०० डॉलर. आज सिंगापुरातली दर दहापैकी जवळजवळ आठ माणसं एचडीबीच्या इमारतींत राहतात. असे फ्लॅट दहा लाखांहून जास्त आहेत, आणि २०२४ या एका वर्षात त्यांतले हजाराहून अधिक फ्लॅट दहा लाख डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले. अर्थात ही मोठी, मोक्याच्या जागची घरं. ६,२०० डॉलरच्या त्या लहान घराशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. पण एका आयुष्यात किंमत कुठून कुठे पोचली, ते यातून दिसतं.

आता आपल्या ४ लाखांकडे. हप्ता बसतो १,८१५ डॉलर. पहिल्या हप्त्यातले ८६७ डॉलर व्याजात जातात आणि ९४८ मुद्दलात. २५ वर्षांत, म्हणजे ३०० हप्त्यांत, एकूण ५ लाख ४४ हजार ४०० डॉलर भरले जातात. व्याजाचा वाटा १ लाख ४४ हजार ४००. मुद्दल निम्म्यावर यायला साडेचौदा वर्षं लागतात. मुदतीचा अर्धा काळ साडेबारा वर्षांत संपतो, कर्ज मात्र तेव्हा अर्ध्यावर आलेलं नसतं.

हेच पुण्यात करून पाहा. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजाचे आणि मुद्दलाचे फक्त ७,९७४. शंभरातले जवळजवळ ८२ रुपये व्याजात. मुद्दल निम्म्यावर यायला १३ वर्षं १० महिने, म्हणजे वीसपैकी जवळजवळ चौदा वर्षं. एकूण व्याज ५४ लाख १४ हजार, मुद्दलाहून जास्त. दोन्ही शहरांत हिशोबाची रीत एकच आहे. राहिलेल्या मुद्दलावर व्याज, आणि व्याज वजा जाता जे उरेल ते मुद्दलात. मुदतीत थोडा फरक आहे, पण खरा फरक दराचा, आणि दर तिप्पट झाला की चित्र किती बदलतं ते या दोन हप्त्यांत दिसतं.

हप्त्याव्यतिरिक्त एक डॉलर जादा भरला तर काय होतं? तो सगळाच्या सगळा मुद्दलात जातो. त्या एका डॉलरवर पुढे कधीच व्याज बसत नाही, आणि न बसलेल्या व्याजावरचं व्याजही बसत नाही. म्हणून तो डॉलर किती वाचवेल हे त्याच्या वयावर ठरतं, म्हणजे कर्ज संपायच्या किती आधी तो भरला यावर. पहिल्याच महिन्यात भरलेला जादा डॉलर पूर्ण मुदतीत ९१ सेंट व्याज वाचवतो. दहा वर्षांनी भरलेला वाचवतो ४८ सेंट. वीस वर्षांनी भरलेला फक्त १४. डॉलर तोच, पण त्याच्या हाती उरलेली वर्षं कमी झालेली असतात.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. जादा परतफेडीचा विचार करताना आपण रक्कम बघतो. दोनशे परवडतील की पाचशे, बोनस आला तर किती टाकावा, असंच बोलतो. तारीख कोणी बघत नाही. प्रत्यक्षात रकमेपेक्षा तारीख जास्त काम करते.

दोन घरं घेऊ, दोघांचंही कर्ज ४ लाखांचंच. पहिलं घर शिस्तीचं, पहिल्या महिन्यापासून शेवटपर्यंत दर महिन्याला २०० डॉलर जादा भरणारं. त्याचं कर्ज २५ वर्षांऐवजी २१ वर्षं ८ महिन्यांत संपतं, ४० हप्ते वाचतात आणि व्याजात सुमारे २०,९०० डॉलर. त्यासाठी त्यांनी जादा भरले साधारण ५२ हजार डॉलर. दुसरं घर पहिली पाचच वर्षं महिन्याला ५०० डॉलर जादा भरतं आणि मग थांबतं. मुलं शाळेत जायला लागली, खर्च वाढले, पुढे एक डॉलरही जादा भरला नाही. त्यांनी जादा भरले ३० हजार. व्याज वाचलं सुमारे २२,२०० डॉलर. म्हणजे २२ हजार डॉलर कमी भरून त्यांनी पहिल्या घरापेक्षा जास्त व्याज वाचवलं. कर्ज मात्र पहिल्या घराचंच आधी संपतं, कारण त्यांनी एकूण जास्त भरलं. पण दर जादा डॉलरमागे किती मिळालं हे पाहिलं तर पहिल्या घराला ४० सेंट आणि दुसऱ्याला ७४.

हेच पाचशे डॉलर कोणी शेवटच्या पाच वर्षांत भरले तर? कर्ज साधारण १३ महिने आधी संपतं आणि व्याज वाचतं जेमतेम १,५६० डॉलर. पगार वाढल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, हातात पैसा खेळू लागल्यावर जादा भरू, असं बहुतेक घरांत ठरतं. गणित याच्या नेमकं उलट सांगतं. ज्या वर्षांत पैसा सर्वांत कमी असतो, त्याच वर्षांत जादा भरलेल्या पैशाला सर्वांत जास्त किंमत असते. हे ऐकायला जाचक आहे, आणि तरुण जोडप्याला कोणी हे उपदेशासारखं सांगू नये. पण हे आकडे त्यांच्या समोर असायला हवेत. मोठी रक्कम नसली तरी चालेल. पहिल्या महिन्यापासून रोजचे पाच डॉलर, म्हणजे महिन्याला दीडशे, एवढ्यावरसुद्धा कर्ज ३१ महिने आधी संपतं आणि १६,२०० डॉलर व्याज वाचतं.

एक गोष्ट मात्र याहून सहज हातातून निसटते. जादा रक्कम भरल्यावर बँकेपुढे दोन वाटा असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. सुरुवातीलाच एकदम १० हजार डॉलर भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर साधारण साडेदहा हप्ते गळतात आणि सुमारे ८,९४५ डॉलर व्याज वाचतं. तेच १० हजार, त्याच दिवशी, त्याच कर्जात भरले आणि हप्ता १,८१५ वरून १,७६९ वर आणून घेतला, तर व्याज वाचतं ३,६१० डॉलर. फॉर्मवरच्या एका खुणेची किंमत सव्वापाच हजार डॉलरहून जास्त. हप्ता कमी होणं डोळ्यांना दिसतं, खात्यात जाणवतं, म्हणून ते बरं वाटतं. नोकरीचा भरवसा नसेल तर ती वाट बरोबरही असू शकते. पण विचारल्याशिवाय कुठली वाट आपल्यासाठी निवडली गेली हे कळत नाही, तेव्हा विचारावंच.

आता सिंगापूरचा खास पेच. तिथे घराचा हप्ता बहुतेक लोक हातातल्या पैशातून भरत नाहीत, सीपीएफमधून भरतात. सीपीएफ म्हणजे आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखी, पण त्याहून कितीतरी जड व्यवस्था. १९५५ मध्ये ती म्हातारपणासाठी सुरू झाली आणि १९६८ पासून तिच्यातला पैसा घरासाठी वापरायची मुभा मिळाली. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगारातून २० टक्के कापले जातात आणि मालक वर १७ टक्के भरतो. एकूण ३७ टक्के. पस्तिशीपर्यंत त्यांतले २३ टक्के ‘ऑर्डिनरी अकाउंट’मध्ये जातात आणि तिथून घराचा हप्ता भरता येतो. नवरा-बायको दोघं तिशीचे, प्रत्येकी ५ हजार डॉलर पगाराचे, तर दोघांचे मिळून महिन्याला २,३०० डॉलर तिथे जमतात. हप्ता १,८१५ चा. घरी आलेल्या पगारातला एक सेंटही न मोडता घर फिटत राहतं आणि खात्यात वर ४८५ डॉलर उरतात. एका पिढीत एवढी माणसं स्वतःच्या घरात कशी गेली, त्याचं मोठं उत्तर या एका ओळीत आहे.

साहजिकच मनात येतं की हे ४८५ पडून का ठेवायचे, कर्जातच टाकू. इथे थांबून दोन आकडे शेजारी ठेवायला हवेत. सीपीएफच्या त्या खात्यावर व्याज मिळतं २.५ टक्के. एचडीबीच्या कर्जाचा दर त्यालाच बांधलेला आहे, त्याच्याहून ०.१ टक्का जास्त. जुलै १९९९ पासून ही जोडी हललेली नाही. म्हणजे त्या खात्यातले १० हजार डॉलर कर्जात भरले तर वर्षाचा निव्वळ फायदा १० डॉलर. दहा हजारांवर दहा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाद्यबाजारात, दोघांचं साधं जेवण.

त्यातही एक खाच आहे. सीपीएफच्या पहिल्या ६० हजार डॉलरवर १ टक्का जादा व्याज मिळतं, आणि त्यात ऑर्डिनरी अकाउंटचे २० हजारांपर्यंत धरले जातात. म्हणजे त्या पहिल्या २० हजारांची कमाई साडेतीन टक्के, फक्त जादाचा टक्का निवृत्तीसाठीच्या खात्यात जमा होतो. तो पैसा काढून २.६ टक्क्यांच्या कर्जात भरणारा माणूस दर १० हजारांमागे वर्षाला ९० डॉलर घालवतो, आणि वर आपण कर्ज लवकर फेडतोय या समाधानात असतो. २०१८ पासून एचडीबीचं कर्ज घेताना त्या खात्यात २० हजारांपर्यंत शिल्लक ठेवायची मुभा आहे. ती वापरावी. नोकरी गेली तर काही महिने हप्ता तिथून भरता येतो, हा फायदा व्याजाहून मोठा.

आता हातातला पैसा घ्या. बँकेच्या साध्या बचत खात्यावर व्याज ०.०५ टक्के, १० हजारांवर वर्षाला ५ डॉलर. तेच कर्जात गेले तर २६० डॉलर व्याज वाचतं. निव्वळ फायदा २५५. एकाच घरातले दोन खिसे, दोन्हीतून तेवढीच रक्कम काढली, आणि एका खिशाने दुसऱ्याच्या पंचवीसपटीहून जास्त काम केलं. आपण एक डॉलर म्हणजे एक डॉलर असंच शिकलेलो असतो. घराच्या कर्जापुढे उभं राहिल्यावर तो कुठून आला हेही विचारावं लागतं.

आणखी एक फरक घर विकताना कळतो. सीपीएफमधून घरासाठी काढलेली प्रत्येक रक्कम, ती खात्यातच राहिली असती तर मिळालं असतं ते २.५ टक्के व्याज धरून, विक्रीच्या पैशातून खात्यात परत टाकावी लागते. आपल्या जोडप्याने २५ वर्षं सगळे हप्ते सीपीएफमधून भरले तर त्यांनी काढले ५ लाख ४४ हजार, आणि परत टाकायची रक्कम होते सुमारे साडेसात लाख डॉलर. हा आकडा पहिल्यांदा पाहणारा हबकतोच. पैसा सरकारकडे जात नाही, आपल्याच खात्यात परत येतो, हे खरं. पण घर विकून हाती रोकड येईल असा ज्याचा बेत असतो, तो बेत इथे मोडतो. हातातल्या पैशातून केलेली जादा परतफेड या हिशोबात धरली जात नाही. घर विकल्यावर तिचा लाभ रोख मिळतो.

मग हातातली शिल्लक नेहमी कर्जातच टाकावी का? तेही नाही, आणि याचं उत्तर तारखेवर बदलतं. ८ डिसेंबर २०२२ च्या लिलावात सिंगापूर सरकारच्या सहा महिन्यांच्या ट्रेझरी बिलांवर वार्षिक ४.४ टक्के व्याज मिळत होतं. सरकारला उसने दिलेले १० हजार वर्षाला ४४० डॉलरच्या दराने कमावत होते, आणि कर्जात भरलेले २६० वाचवत होते. त्या दिवसांत एचडीबीचं कर्ज मुदतीआधी फेडणं म्हणजे दर १० हजारांमागे वर्षाला १८० डॉलर सोडून देणं होतं. २०२५ मध्ये याच बिलांचा दर दीड टक्क्याच्या आसपास उतरला आणि गणित पुन्हा उलटलं. कर्ज तेच, दर तोच, घर तेच. तीन वर्षांत शहाणपणाची व्याख्या फिरली. म्हणून कर्ज नेहमी लवकर फेडावं, किंवा स्वस्त कर्ज कधीच फेडू नये, अशी ठाम वाक्यं मला पटत नाहीत. दोन दर समोर ठेवावेत, वर्षातून एकदा पुन्हा बघावेत.

सिंगापुरातल्या अनेक मराठी कुटुंबांना मात्र हे २.६ टक्क्यांचं कर्ज मिळतच नाही. नवरा-बायकोपैकी एकजण तरी नागरिक असल्याशिवाय एचडीबी कर्ज देत नाही. दोघेही पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी असतील, तर पीआर होऊन तीन वर्षं झाल्यावर जुना एचडीबी फ्लॅट विकत घेता येतो, आणि कर्ज बँकेचं. वर्क पासवर आलेल्या भारतीय कुटुंबाला तर एचडीबीचा फ्लॅट घेताच येत नाही. खासगी घर घ्यायचं ठरवलं तर २७ एप्रिल २०२३ पासून परदेशी नागरिकाला किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं. १५ लाख डॉलरच्या घरावर ९ लाख डॉलर. तिथे जादा परतफेडीचा प्रश्नच येत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

बँकेच्या कर्जात दर हलतो. २०२०-२१ मध्ये तो एक टक्क्याच्या थोडा वर होता. अनेकांनी एचडीबीचं कर्ज सोडून बँकेचं घेतलं, आणि एकदा बाहेर पडल्यावर एचडीबीकडे परतता येत नाही. २०२२ च्या अखेरीस ठरावीक मुदतीचे बँकदर चार टक्क्यांच्या वर गेले. आपलं तेच ४ लाखांचं कर्ज चार टक्क्यांवर ठेवलं तर हप्ता २,१११ डॉलर आणि २५ वर्षांचं व्याज २ लाख ३३ हजार ४००. दर दीड टक्काही वाढला नाही, व्याजात ८९ हजार डॉलर वाढले. आणि इथे जादा परतफेडीचं बळही वाढतं. महिन्याला ५०० डॉलर जादा भरले तर २.६ टक्क्यांच्या कर्जात सुमारे ४२,७०० डॉलर वाचतात, चार टक्क्यांच्या कर्जात ७२,७००.

बँक मात्र सुरुवातीची दोन-तीन वर्षं बांधून ठेवते. त्या काळात जादा भरलं तर साधारण दीड टक्का दंड. १० हजारांवर १५० डॉलर. बरेच जण दंड म्हटला की तिथेच थांबतात. पण चार टक्क्यांनी त्या १० हजारांवर वर्षाला ४०० डॉलर व्याज चाललेलं असतं. साडेचार महिन्यांत दंड भरून निघतो. बांधलेली मुदत संपायला दीड वर्ष उरलं असेल आणि पैसा बचत खात्यात नुसता पडून असेल, तर दंड भरूनही फेडणं फायद्याचं ठरतं. दोन महिने उरले असतील तर थांबावं. एचडीबीच्या कर्जाला असा दंड नाही. भारतातही वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असेल तर रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मुदतपूर्व परतफेडीवर दंड घेण्यास मनाई केली.

भारतातला तो बदलता दर काय करू शकतो, याचं २०२२-२३ सारखं दुसरं उदाहरण नाही. २०२१ मध्ये गृहकर्जं साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळत होती. ५० लाख, २० वर्षं, साडेसहा टक्के, हप्ता ३७,२७९ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला, अडीच टक्क्यांची वाढ. गृहकर्ज नऊ टक्क्यांवर पोचलं. आता ५० लाखांचं महिन्याचं व्याज काढा. ३७,५०० रुपये. हप्त्यापेक्षा २२१ रुपये जास्त. कर्ज नवं असेल, मुद्दल फारसं फिटलेलं नसेल आणि हप्ता तोच ठेवला असेल, तर ते कर्ज कधीच संपत नाही. वीस वर्षांत नाही, दोनशे वर्षांत नाही. दर महिन्याला पूर्ण हप्ता भरूनही मुद्दल २२१ रुपयांनी वाढतं, आणि पुढच्या महिन्यात त्याहून थोडं जास्त. कर्जाची मुदत इथे अनंत होते. पाचशे रुपयांच्या नोटेहूनही कमी फरकावर.

कित्येक घरांत हप्ता बदलला नाही म्हणून सगळं ठीक आहे असंच वाटत राहिलं, आणि मुदत मागच्या दाराने लांबत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याचा पर्याय द्या, आणि मुदत लांबवताना हप्त्यातून व्याजही सुटत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. हे सांगावं लागलं, यातच सगळं आलं. अशा कर्जात जादा हप्ता काय करतो ते पाहा. नऊ टक्क्यांवर तोच माणूस महिन्याला ५ हजार जादा भरू लागला, तर अनंत मुदतीचं कर्ज २४ वर्षं ४ महिन्यांवर येतं. आणि दर स्थिर असलेल्या आपल्या साडेआठ टक्क्यांच्या कर्जात महिन्याला ५ हजार जादा भरले तर २० वर्षांची मुदत १५ वर्षं ७ महिन्यांवर येते आणि व्याज सुमारे १३ लाख ९० हजार रुपयांनी कमी होतं. सिंगापुरात ज्याचा हिशोब दहा डॉलरपर्यंत घासून करावा लागतो, तीच गोष्ट पुण्यात डोळे मिटून करण्यासारखी आहे, गाठीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर.

सिंगापूरच्या घराला मात्र आणखी एक मुदत असते, आणि तिच्यावर कुठल्याच जादा हप्त्याचा परिणाम होत नाही. गेलांगमधल्या लोरोंग ३ इथल्या १९१ बैठ्या घरांचा ६० वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि जमीन सरकारकडे परत गेली. ती घरं एचडीबीच्या फ्लॅटपेक्षा वेगळी होती, पण पट्टा संपणं म्हणजे काय ते त्या दिवशी अख्ख्या देशाने पाहिलं. म्हणून तिथे कर्जाची वर्षं मोजताना पट्ट्याची उरलेली वर्षंही शेजारी लिहावी लागतात. सरकारही ती लिहितं. एचडीबीच्या कर्जाची मुदत २५ वर्षं, खरेदीदारांचं सरासरी वय ६५ होईपर्यंतची वर्षं, आणि पट्ट्याच्या उरलेल्या वर्षांतून वीस वजा करून येणारी वर्षं, या तिन्हींत जी सर्वांत कमी तेवढीच मिळते. २०१९ पासून तर सर्वांत तरुण खरेदीदाराचं वय ९५ होईपर्यंत पट्टा पुरत नसेल, तर सीपीएफचा पैसाही पूर्ण वापरता येत नाही.

साठ वर्षं पट्टा उरलेला जुना फ्लॅट पस्तिशीत घेतला, तर हप्त्याप्रमाणे कर्ज संपेल तेव्हा वय साठ आणि पट्टा ३५ वर्षं. पहिल्या महिन्यापासून ५०० डॉलर जादा भरले तर कर्ज संपेल तेव्हा वय त्रेपन्न आणि पट्टा जवळजवळ ४२ वर्षं. त्रेपन्नाव्या वर्षी सीपीएफमधून हप्ता जायचा थांबतो, नोकरीची दहाएक वर्षं हाताशी असतात, आणि महिन्याचे ते १,८१५ डॉलर निवृत्तीच्या खात्याकडे वळवता येतात.